वॉरंटी संपून तीन आठवडे झाले अन् लॅपटॉप बंद. मदरबोर्डला ३२ हजार मागायलेत

गोदाकाठ, गंगाखेड

नमस्कार मंडळी. लॅपटॉप १५.६ इंची, आय-५ बाराव्या पिढीचा, ८ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी, गोल पिनचा ६५ वॅटचा अडॉप्टर. बिल १२ मे २०२४ चं, वॉरंटी एक वर्ष. ३ जूनला संध्याकाळी लाईट गेली, तासाभराने आली, तेव्हापासून चालू होईना. चार्जिंगचा दिवा नाही, पंखा फिरत नाही, कॅप्सलॉक लागत नाही. बॅटरी तेव्हा साठ टक्क्यांच्या आसपास होती, तरी बॅटरीवरपण नाही.

संभाजीनगरच्या अधिकृत सेंटरला दाखवला (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, चर्चा भलतीकडेच जाते). मदरबोर्ड गेला म्हणायलेत. २७,५०० अधिक जीएसटी, मजुरी वेगळी, जुना बोर्ड परत नाही. आत नेमकं काय गेलं ते सांगायला तयार नाहीत. तपासणीचे ५९० भरून मशीन तसंच परत आणलंय. घेतला होता ५२ हजाराला.

बाहेर बोर्डाची दुरुस्ती करून घ्यावी का? आतला डेटा कसा वाचवायचा? अन् तीन आठवड्यांनी वॉरंटी हुकली म्हणजे कंपनीला काहीच विचारता येत नाही का? फेब्रुवारीत चार्जिंग मधेच थांबायचं म्हणून हेल्पलाइनला तक्रार नोंदवली होती, त्यांनी फोनवरच रीसेट करायला लावलं अन् तेव्हा ते सुरू झालं होतं. त्याचा काही उपयोग?

मॉसफेट_मामा, नांदेड

गोदाकाठ भाऊ, आधी सेंटरची पद्धत समजून घ्या. त्यांच्या यादीत बोर्ड हा एकच सुटा भाग असतो. बोर्डावरचा कपॅसिटर किंवा मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा बारीक स्विच) बदलायची ना त्यांना परवानगी, ना तिथे तशी सोय. म्हणून दोन-तीन रुपयांचा कपॅसिटर गेला काय अन् प्रोसेसर गेला काय, कोटेशन तेच येणार. १८ टक्के धरून ३२,४५० होतात. एवढे घालायच्या आधी करंट कुठपर्यंत पोचतोय ते घरीच बघा. तीन-चारशेचा डिजिटल मल्टिमीटर पुरतो.

अडॉप्टर भिंतीत लावा, लॅपटॉपला नको. मीटर डीसी २०० च्या रेंजवर ठेवा. २० च्या रेंजवर ठेवलं अन् अडॉप्टर २० व्होल्टचा निघाला तर मीटर नुसता १ दाखवून गप्प बसतो आणि माणूस अडॉप्टरला खराब ठरवून मोकळा होतो. लाल टोक पिनच्या आतल्या गोल भिंतीला, काळं बाहेरच्या धातूला. मधे बारीक सुई असेल तर तिला हात लावायचा नाही. ती अडॉप्टरची ओळख सांगणारी तार आहे, तिच्यावर १९ व्होल्ट गेले की चांगला अडॉप्टरही लॅपटॉप ओळखत नाही. रीडिंग १९ ते २० च्या मधे, न हलता यायला पाहिजे. १७-१८ वर डुलत असेल तर अडॉप्टरच बदला. रीडिंग बरोबर आलं म्हणजे लोडवरही टिकेल असं मात्र नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

मग पिन लॅपटॉपला लावा आणि नजर अडॉप्टरच्या दिव्यावर. दिवा तसाच राहिला तर वाट कुठेतरी तुटलीय. विझला किंवा लुकलुकायला लागला तर बोर्डावर शॉर्ट आहे, अडॉप्टर स्वतःला वाचवतोय.

यानंतर खालचं झाकण. आठ-दहा स्क्रू असतात, काही मॉडेलला दोन रबरी पायांखाली लपलेले. लांबी वेगवेगळी असते, कागदावर लॅपटॉपची आकृती काढून त्या-त्या जागी ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी गेला की वरच्या बाजूला कीबोर्डला फोड येतो. बिजागरीच्या बाजूने जुनं एटीएम कार्ड घालून कडेकडेने उचला. पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. काढल्यावर पॉवर बटण ४० सेकंद दाबून धरा, मग बॅटरी न जोडता फक्त अडॉप्टर लावून बघा. एम्बेडेड कंट्रोलर (पॉवर अन् चार्जिंग सांभाळणारी बोर्डावरची चिप) अडकून बसला असेल तर एवढ्यावर सुटतो. तुम्हाला फेब्रुवारीत फोनवर जे करायला लावलं ते याचंच लहान रूप.

रीडिंग इथे टाका, पुढचं मग.

डेटा_आधी, लातूर

मामा झाकण उघडायला लावतायत, तर त्याच खेपेला एसएसडी काढून घ्या. कुणीही सोल्डरिंग गन हातात घेण्याआधी डेटा बाहेर पाहिजे. सेंटरच्या जॉबशीटवर डेटाची जबाबदारी नाही असं छापलेलंच असतं.

च्युइंगगमच्या पुडीएवढी पट्टी असते, एका टोकाला एक बारीक स्क्रू. स्क्रू काढला की पट्टी स्वतःच तिरपी वर येते. त्याच तिरप्या कोनात ओढायची, सरळ वर उपटायची नाही. सोन्याच्या टोकांना बोट लावू नका. एसएसडीचे दोन प्रकार: टोकाकडे एकच खाच असेल तर बहुधा एनव्हीएमई, दोन खाचा असतील तर बहुधा साटा. बाराव्या पिढीत एनव्हीएमईच असणार. बाहेरून वाचायला यूएसबी केसिंग लागतं आणि इथे लोक फसतात: दुकानात तीन-चारशेचं एम-टू (अशा पट्टीच्या आकाराचं) केसिंग देतात, ते साटाचं असतं. पट्टी त्यात बसत नाही, किंवा बसली तरी दिसत काही नाही, आणि एसएसडी गेली अशी समजूत होते. खोक्यावर एनव्हीएमई लिहिलेलं बघून घ्या, साधारण बाराशे ते दोन हजार लागतात. नको असेल तर ज्याच्या लॅपटॉपमध्ये एनव्हीएमईचा दुसरा स्लॉट मोकळा आहे त्याला विनंती करा.

आता खरी अडचण. विंडोज ११ मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलं असेल तर ड्राइव्ह न विचारता एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झालेली असण्याची शक्यता मोठी. दुसऱ्या संगणकाला जोडली की ४८ आकडी रिकव्हरी की मागेल. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, उपकरणांच्या पानावर बिटलॉकर की या नावाखाली पडलेली असते. पडद्यावर की आयडी दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरं खात्यातल्या नोंदीशी जुळवा. एकापेक्षा जास्त की असू शकतात. दुकानदाराने लॅपटॉप चालू करून देताना स्वतःचाच ई-मेल टाकला असेल तर की त्याच्या खात्यात आहे, आजच जाऊन घेऊन या. लोकल खात्याने चालवत असाल तर सहसा की लागत नाही.

"ड्राइव्ह फॉरमॅट करायची का" असा प्रश्न आला तर रद्द. यूजर्स फोल्डर उघडताना परवानगी नाही म्हणेल, तिथे कंटिन्यू दाबायचं, थोडा वेळ घेतं.

आणि ही की बोर्ड बदलला तरी लागणार आहे. सुरक्षेची चिप बोर्डावर (किंवा प्रोसेसरमध्ये) असते, बोर्ड नवा आला की विंडोज ओळखच देत नाही. बत्तीस हजार भरून निळ्या पडद्यापुढे बसायची वेळ येते ती अशी.

उदगीरचा_जुनाबाजार

सेकंडहँड बोर्ड ऑनलाइन मिळतो की. मुंबईचे लॅमिंग्टन रोडवाले किंवा दिल्लीचे नेहरू प्लेसवाले पाठवतात, निम्म्याहून कमी पैशात. घाला अन् चालवा.

मॉसफेट_मामा, नांदेड

मिळतो, पण "घाला अन् चालवा" होत नाही. प्रोसेसर बोर्डालाच सोल्डर केलेला, बऱ्याचदा ८ जीबी रॅमपण. मॉडेलचं नाव एकच असून आत दोन-तीन वेगळे बोर्ड निघतात. नाव बघून मागवायचा नाही, बोर्डावर छापलेला नंबर बघून मागवायचा: एलए, एनएम किंवा डीए अशा अक्षरांनी सुरू होणारा, रॅमजवळ किंवा पंख्याच्या खाली पांढऱ्या शाईत. त्यात आधीच्या मालकाचा बायोस (बोर्डावरचा, विंडोजच्या आधी चालू होणारा प्रोग्राम) पासवर्ड निघाला तर अजून एक खर्च. "टेस्टेड" म्हणजे कुणीतरी एकदा डिस्प्ले आणून बघितला, एवढाच अर्थ. दुरुस्ती जमलीच नाही तर हा मार्ग, आधी नाही.

डीपी_शेजारी, हिंगोली

लाईट येताना गेला म्हणता, तर घरची वायरिंग बघितल्याशिवाय नवीन बोर्ड लावू नका, नाहीतर तोही जाईल.

लॅपटॉपचा अडॉप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो. म्हणजे आपल्याकडे रात्री १६०-१७० मिळतात त्याने त्याला काही होत नाही, स्टॅबिलायझरची गरजच नाही. मारतो तो वाढीव व्होल्टेज. डीपीवर न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला की दोन घरांची लाईन सिरीजमध्ये येते अन् ज्या घरात लोड कमी त्याच्या वाट्याला ३०० च्या वर, कधी ४०० च्या जवळ येतात. बल्ब एकदम लख्ख होऊन पुन्हा मंद व्हायला लागले की समजायचं न्यूट्रल हलतोय, मेन स्विच पाडायचा.

बोर्डात मीटर एसी ७५० वर ठेवून बघा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ ८०-१०० दाखवत असेल किंवा शून्यावर असेल तर अर्थिंग नुसती भिंतीत आहे, जमिनीत नाही. मे-जूनमध्ये हे फार होतं. काळ्या रानाला भेगा पडतात तशा अर्थिंगच्या खड्ड्यातली मातीपण आकसते, पाइप सुटा उभा राहतो. मीठ-कोळसा भरून वरून दोन घागरी पाणी ओतायला पावसाची वाट बघू नये. लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या येतात, तेही अर्थ तुटल्याचंच लक्षण. अडॉप्टरच्या आतल्या फिल्टरमधून गळणारा करंट अर्थमध्ये जायच्याऐवजी तुमच्यातून जातो.

दोनशे रुपयांचा "स्पाइक बस्टर" म्हणजे लाल स्विच लावलेला एक्स्टेन्शन बोर्ड. त्यापेक्षा मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा, हजाराच्या आसपास मिळतो. वरची मर्यादा २६५-२७० ला, लाईट आल्यावर चालू व्हायचा उशीर किमान एक मिनिट. विजा कडाडायला लागल्या तर मात्र तोही कामाचा नाही. अडॉप्टर भिंतीतून काढायचा आणि राउटरची लॅन केबलसुद्धा. केबल काढायची लोक विसरतात.

गोदाकाठ, गंगाखेड

सगळ्यांचे आभार. मामा, रीडिंग: अडॉप्टर मोकळा १९.४८, हलत नाही. लॅपटॉपला पिन लावली की अडॉप्टरचा दिवा लगेच विझतो, काढली की दोन-तीन सेकंदांनी पुन्हा लागतो. बॅटरी काढून, बटण ४० सेकंद दाबून केलं, तसंच. झाकणाच्या आत जळल्याचा वास किंवा काळा डाग दिसला नाही.

एसएसडी काढली. एकच खाच. की दुकानदाराच्या नाही, माझ्याच खात्यात निघाली, आयडी जुळला. कॉपी चालू आहे.

घरात फेज-अर्थ ११० दाखवतो. म्हणजे हिंगोलीच्या भाऊंचं खरं. लाईटनेच गेला ना मग?

मॉसफेट_मामा, नांदेड

थांबा, अर्थिंग नीट कराच, पण लाईटनेच गेला हे मला पटत नाही. भिंतीतून आलेला फटका आधी अडॉप्टरला बसतो. फ्यूज, आतला व्हॅरिस्टर (वाढीव व्होल्टेज अडवणारा भाग), स्विचिंगचा मॉसफेट, हे सगळं ओलांडून लॅपटॉपचा बोर्ड मारायचा अन् अडॉप्टर १९.४८ वर ठणठणीत, असं क्वचित होतं. लाईट आली त्या वेळी मशीन गेलं, एवढंच आपल्याला माहीत आहे.

दिवा विझतो म्हणजे शॉर्ट. आता कुठे? अडॉप्टर जिथून आत येतो तिथे, म्हणजे जॅक ते पहिल्या मॉसफेटच्या मधेच शॉर्ट असता, तर बॅटरीवर लॅपटॉप चालला असता. ती वाट वेगळी आहे. तुमचा बॅटरीवरही चालत नाही अन् अडॉप्टरही दबतो. दोन्ही वाटा जिथे मिळतात ती मेन लाईन, तिथे शॉर्ट असणार, आणि सोबत इनपुटच्या दोन मॉसफेटपैकी एखादा आरपार झालेला असू शकतो. त्या लाईनवर तिळाएवढे तपकिरी सिरॅमिक कपॅसिटर रांगेने असतात. त्यातला एक चिरला की आतल्या पत्र्या एकमेकींना टेकतात. चिरण्याची कारणं साधी: लॅपटॉप एका कोपऱ्याला धरून उचलणं, पिनवर ओढ बसणं, आणि आपल्याकडचा उन्हाळा, त्यात गादीवर ठेवून वापर. चीर वरून दिसत नाही, म्हणून काळा डाग शोधून उपयोग नसतो. फेब्रुवारीत चार्जिंग थांबायचं तेही याच भागातलं असू शकतं.

तरी एक खात्री राहिली. तुमच्या पिनचा जॅक बोर्डाला चिकटलेला आहे की छोट्या वायरने जोडलेला? वायरचा असेल तर ती बोर्डातून काढा आणि नुसत्या जॅकला अडॉप्टर लावा. दिवा राहिला तर जॅक चांगला. विझला तर जॅकच आतून वितळलाय, दोन-चारशेत काम झालं आणि आम्ही सगळे उगाच लिहीत बसलो.

जॅक चांगला निघाला तर बॅटरी काढलेली असतानाच मीटर ओहमच्या सर्वांत खालच्या रेंजवर घ्या. आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावा, ०.३-०.५ येईल, तो वायरींचा स्वतःचा रोध, तो वजा करायचा. मग बोर्डावर जॅकच्या कनेक्टरची लाल वायरीची पिन आणि स्क्रूच्या भोकाची चकचकीत कडा. चांगल्या बोर्डावर हजारोंनी ओहम येतात. प्रोसेसरजवळच्या मोठ्या चौकोनी कॉइलवर मीटर लावून बघू नका. तिथे मुळातच एक-दोन ओहम किंवा त्याहून कमी असतात, आणि शिकाऊ माणूस चांगला प्रोसेसर शॉर्ट ठरवून बसतो.

टाइप-सी चार्जिंगवाल्यांनी हे आकडे घेऊ नयेत. त्या अडॉप्टरवर नुसता मीटर लावून काही कळत नाही. लॅपटॉपशी बोलणी होईपर्यंत तो ५ व्होल्टच्या वर जात नाही. मधे लावायचा यूएसबी मीटर घ्या. तो ५ वरच अडकला तर गडबड बोर्डावरच्या टाइप-सीच्या चिपमध्ये किंवा पोर्टमध्ये. २० वर जाऊन करंट शून्य दाखवला तर पुढे.

ग्राहक_बाक, बीड

दुरुस्तीला देण्याआधी हे वाचा, कारण बोर्डाला गरम हवा लागली की पुरावा गेला.

पहिलं, वॉरंटीची तारीख. कंपनीच्या संकेतस्थळावर सिरियल नंबर टाकून बघा. बऱ्याचदा तिथे माल कारखान्यातून निघाल्याची तारीख धरलेली असते, बिलाची नाही. बिल पाठवून ती दुरुस्त करून घेता येते. तुमच्या बाबतीत बिलानेसुद्धा ११ मे २०२५ ला संपते, त्यामुळे फायदा नाही. पण धाग्यावर येणाऱ्या इतरांनी सेंटरच्या तोंडी शब्दावर जाऊ नये, एक-दोन महिने सहज निघतात.

दुसरं, फेब्रुवारीतली तक्रार. तुमच्याकडे असलेला सगळ्यांत वजनदार कागद हाच. तक्रार क्रमांकाचा एसएमएस किंवा ई-मेल शोधा. वॉरंटीच्या काळात चार्जिंगचा दोष कळवला, मशीन न तपासता फोनवर रीसेट सांगून तक्रार बंद केली, आणि चार महिन्यांत त्याच भागात बिघाड, ही साखळी तारखांसह लिहून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल करा. मागणी नेमकी ठेवा: बोर्ड विनाशुल्क बदलून द्या, किंवा निदान सुट्या भागाची किंमत कंपनीने सोसावी. वॉरंटी संपून थोडेच दिवस झालेले असताना कंपन्या असा अपवाद करू शकतात, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. पंधरा दिवसांची मुदत द्या.

मजकुरात घडलं ते लिहा: "३ जून रोजी सायंकाळी बंद पडला." लाईट गेली-आली होती तेही विचारलं तर लपवू नका. पण "व्होल्टेजमुळे जळाला" असं कारण स्वतःहून ठरवून देऊ नका. मामांनी वर दाखवलंच आहे की ते सिद्ध नाही, आणि एकदा तुमच्या सहीने ते कागदावर आलं की वापरणाऱ्याची चूक म्हणून दावा तिथेच बसतो. सेंटरच्या जॉबशीटवर त्यांनी काय शेरा मारलाय तोही बघा.

उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे निकाल लागत नाही, पण तक्रार कंपनीच्या वरच्या टेबलावर जाते आणि क्रमांक मिळतो. त्यापुढे जिल्हा आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ नुसार तुम्ही राहता तिथे दाखल करता येतं, म्हणजे परभणी. कंपनीचं कार्यालय बेंगळुरूला असलं तरी फरक पडत नाही. कलम ६९ प्रमाणे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला आयोगाची फी नाही. ऑनलाइन दाखल करायला ई-जागृती पोर्टल, वकील सक्तीचा नाही.

आता कटू भाग. वॉरंटी संपली म्हणून दावा आपोआप संपत नाही, मात्र वॉरंटीत असताना बिघाड दाखवणं पुरेसं होतं, आता मुळातला दोष होता हे तुम्हाला दाखवावं लागेल. आयोग वस्तू कलम ३८ खाली प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, त्यात महिने जातात. ५२ हजारांच्या लॅपटॉपसाठी एवढं थांबायचं का, ते काम किती अडलंय त्यावर. मी ई-मेल आणि १९१५ पर्यंत नक्की जाईन, पुढचं तेव्हा बघेन.

थांबायचं नसेल तर मधला मार्ग: दुरुस्ती करणाऱ्याकडून काम सुरू करण्याआधी बोर्डाचे फोटो, लेटरहेडवर लेखी निदान, आणि काढलेला भाग पुडीत बांधून परत. प्रयोगशाळेची जागा ते घेत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

गोदाकाठ, गंगाखेड

जॅक वायरचाच आहे. काढून लावला, दिवा राहतो. बोर्डावर ०.९ आलं, टोकांचा ०.४ वजा करून ०.५. म्हणजे बोर्डच.

फेब्रुवारीचा एसएमएस सापडला, तक्रार क्रमांक आहे. ई-मेल काल पाठवला. पंधरा दिवस वाट बघतो, नाहीतर नांदेडला किंवा संभाजीनगरला चिप लेव्हलवाल्याकडे (बोर्डावरचे सुटे भाग बदलणाऱ्याकडे) देतो. दुकान ओळखायचं कसं? प्रत्येकाच्या पाटीवर "चिप लेव्हल" लिहिलेलंय.

मॉसफेट_मामा, नांदेड

अर्धा ओहम. स्वच्छ शॉर्ट. ही चांगली बातमी समजा. अर्धवट गळणारा भाग शोधायला दिवस जातो, हा शोधायला अर्धा तास.

पाटी सोडा, टेबल बघा. आकडे दाखवणारा डीसी पॉवर सप्लाय, मायक्रोस्कोप, हॉट एअर स्टेशन आणि बायोस लिहायचा प्रोग्रामर, हे चार दिसले पाहिजेत. मग विचारा, "शॉर्ट कसा शोधणार?" बरोबर उत्तर साधारण असं: मेन लाईनला एक व्होल्टच्या आसपास देऊ, करंट मर्यादित ठेवू, अन् कोणता भाग तापतो ते थर्मल कॅमेऱ्याने किंवा रोझिनच्या (सोल्डरिंगच्या राळेच्या) धुराने बघू. कॅमेरा नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरतात, शॉर्ट भागावरून ते आधी उडून जातं. एक व्होल्टच का, तर १९ दिले की शॉर्ट मॉसफेटमधून ते पुढे प्रोसेसरपर्यंत जाऊ शकतात अन् मग खरंच बोर्ड बदलायची वेळ येते. "हीट मारून बघतो" हे उत्तर आलं तर मशीन उचलून बाहेर पडा. गरम हवेने काही दिवस चाललं तरी ते टिकत नाही.

दोन गोष्टी नीट बजावून सांगा. कपॅसिटर किमान २५ व्होल्टचा लावायचा. भंगार बोर्डावरून काढताना १६ व्होल्टचा लागला तर १९ च्या लाईनवर तो टिकेल याचा भरवसा नाही. आणि मॉसफेटच्या जागी तारेचा जंपर टाकून "चालू करून" द्यायचं नाही. चालतो, पण बॅटरी अन् अडॉप्टर यांच्या मधली संरक्षणाची भिंतच गेलेली असते.

खर्च: कपॅसिटर-मॉसफेटपर्यंत असेल तर १,५०० ते ३,००० च्या दरम्यान व्हायला पाहिजे. चार्जिंगची चिप किंवा बायोस निघालं तर ४,००० ते ५,०००. बायोस लिहायची वेळ आली तर जुन्याची प्रत आधी काढून ठेवायला सांगा. विंडोजची की अन् सिरियल नंबर त्यातच असतो. दहा हजार म्हणाले तर तोवर बोर्ड दुसरीकडे दाखवा.

एसएसडी देऊ नका. रॅमची पट्टी सुटी असेल तर तिचा नंबर फोटोत घ्या.

गोदाकाठ, गंगाखेड

एसएसडी न देता चालू झालाय हे बघायचं कसं?

मॉसफेट_मामा, नांदेड

बायोसचा पडदा यायला एसएसडी लागत नाही, त्यात बॅटरी अन् अडॉप्टर दोन्ही दिसतात. घ्यायला जाताना मात्र एसएसडी खिशात न्या, समोर बसवा. आधी फक्त अडॉप्टरवर चालू, मग अडॉप्टर काढून बॅटरीवर, मग चालू असतानाच पिन लावा-काढा तीन-चारदा. या शॉर्टनंतर बॅटरी स्वतःला कुलूप लावून बसलेली असते, अडॉप्टर जोडल्यावर पहिले काही मिनिटं शून्य दाखवेल, घाबरू नका. अर्धा तास व्हिडिओ चालू ठेवून टक्के वर चढतायत का बघा. ४० चे ४० वरच राहिले तर चार्जिंगचा भाग अजून गेलेलाच आहे, पैसे देऊ नका. जॅकच्या आसपास तळाला हात लावा, कोमट चालेल, चटका नको. पावतीवर "मेन लाईन शॉर्ट, अमुक भाग बदलला, तीन महिने हमी" असं लिहून घ्या, नुसतं "लॅपटॉप रिपेअर" नको. काढलेला कपॅसिटर बीडच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे पुडीत.